‘केस’ की ‘अ टेस्ट ऑफ हनी’: पहिली डिस्क कोणती घ्यावी?

ब्रिटिश वास्तववादी चित्रपट घरी नीट पाहायला सुरुवात करायची आहे, खर्च एकाच डिस्कचा करायचा आहे आणि ती रिस्टोर केलेल्या, म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त करून तयार केलेल्या प्रतीचीच हवी आहे, असे ज्यांनी ठरवले आहे त्यांची निवड बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते. पहिला चित्रपट म्हणजे टोनी रिचर्डसन यांचा १९६१ सालचा कृष्णधवल ‘अ टेस्ट ऑफ हनी’ आणि दुसरा म्हणजे केन लोच यांचा १९६९ सालचा रंगीत ‘केस’. अमेरिकेतील ‘क्रायटेरियन कलेक्शन’ या डिस्क काढणाऱ्या कंपनीने ‘केस’ २०११ मध्ये आणि ‘अ टेस्ट ऑफ हनी’ २०१६ मध्ये ब्लू-रे आणि डीव्हीडी या दोन्ही रूपांत आणला. गेली काही वर्षे या दोन्ही डिस्क माझ्याकडे आहेत आणि मी त्या पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. माझे मत आधीच सांगून टाकतो: चित्राच्या कसोटीवर ‘अ टेस्ट ऑफ हनी’ सरस आहे, पण पहिली डिस्क म्हणून मी ‘केस’ घ्यायला सांगेन, आणि त्याचे कारण मुख्यतः त्या चित्रपटाच्या आवाजात आहे.

तुलनेकडे वळण्यापूर्वी एक व्यावहारिक बाब तपासून घ्यावी, कारण ती चुकली तर पुढची सगळी चर्चा व्यर्थ ठरते. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे ए, बी आणि सी असे तीन विभाग पाडलेले आहेत. अमेरिका ए विभागात, ब्रिटन आणि बहुतेक युरोप बी विभागात, तर भारत सी विभागात येतो. क्रायटेरियनच्या अमेरिकी डिस्क ए विभागाच्या असतात, म्हणजे भारतात विकत घेतलेल्या साध्या ब्लू-रे प्लेअरवर त्या चालतीलच असे नाही. आम्ही हे पैसे मोजून शिकलो. चुलतबहिणीने न्यू जर्सीहून येताना हौसेने ‘केस’ची ब्लू-रे आणली, रविवारी दुपारी सगळे जेवून बसलो, डिस्क आत सरकवली आणि पडद्यावर विभाग जुळत नसल्याची एक ओळ उमटली. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर मिळेपर्यंत ती डिस्क जवळजवळ आठ महिने कपाटात पडून होती. डीव्हीडीचे विभाग निराळे आहेत, त्यात अमेरिका एक क्रमांकावर आणि भारत पाच क्रमांकावर येतो. मात्र आपल्याकडचे अनेक डीव्हीडी प्लेअर सर्व विभागांच्या डिस्क मुकाट्याने चालवतात. त्यामुळे प्लेअर बदलायची तयारी नसेल तर डीव्हीडी हा कमी प्रतीचा, पण बिनधोक मार्ग आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांची अडचण उलटी आहे, आणि त्यांच्यासाठी तिथेच दुसरी सोय आहे. ‘केस’ तिथे युरेका या डिस्क कंपनीच्या ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ या मालिकेत २०१६ मध्ये आला. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये काढलेल्या वुडफॉल कंपनीच्या आठ चित्रपटांच्या संचात आहे. त्या संचात ‘केस’ नाही, हे लक्षात ठेवावे. या लेखात मी फक्त क्रायटेरियनच्या दोन डिस्कविषयी लिहितो आहे.

दोन्ही चित्रपटांचे नाते जवळचे आहे, आणि म्हणूनच ही तुलना करण्यात अर्थ आहे. दोन्हींमागे वुडफॉल ही एकच निर्मितीसंस्था उभी होती. दोन्हींतली वस्ती उत्तर इंग्लंडमधल्या कामगारांची आहे, एकात सॅलफर्ड आणि मँचेस्टरच्या कालव्याकाठची, तर दुसऱ्यात बार्न्सलीच्या कोळसा खाणींजवळची. दोन्हींच्या मध्यभागी शाळा सुटण्याच्या उंबरठ्यावरचे मूल आहे, आणि दोन्ही मुलांची आई घरात असूनही नसल्यासारखी आहे. ‘अ टेस्ट ऑफ हनी’तील जो ही मुलगी आईबरोबर एका भाड्याच्या खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत असते, एका कृष्णवर्णीय खलाशावर तिचे मन जडते, त्यातून तिला दिवस जातात, आणि तिला आधार देतो तो जेफ्री, समलिंगी असल्यामुळे स्वतःच बेघर झालेला एक तरुण. समलिंगी संबंध इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत गुन्हा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे १९६१ च्या चित्रपटात जेफ्रीला किती सहजपणे माणूस म्हणून उभे केले आहे, याचे मोल कळते. ‘केस’मधील बिली कॅस्पर पंधरा वर्षांचा आहे. शाळेने त्याच्यावर केव्हाच काट मारलेली आहे, मोठा भाऊ खाणीत जातो आणि घरी येऊन त्याला बडवतो, आणि काही आठवड्यांत बिलीनेही त्याच वाटेने जायचे हे जणू ठरलेलेच आहे. अशात तो एका पडक्या भिंतीतल्या घरट्यातून केस्ट्रेल जातीच्या लहान ससाण्याचे पिल्लू काढतो, ससाणे कसे शिकवावेत याचे पुस्तक दुकानातून चोरतो, आणि ज्याला वाचायचा कंटाळा आहे असे सगळे समजतात तो मुलगा ते पुस्तक पाठ करतो.

आता चित्राविषयी. ‘अ टेस्ट ऑफ हनी’ची प्रत फोर-के पद्धतीने रिस्टोर केलेली आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: फोर-के रिस्टोरेशन म्हणजे फोर-के डिस्क नव्हे. मूळ फिल्म सुमारे चार हजार बिंदू रुंदीच्या तपशिलाने स्कॅन करून दुरुस्त केलेली असते, पण ब्लू-रेवर उतरताना ते चित्र १९२० गुणिले १०८० बिंदूंचेच होते. तरीही मूळ काम अधिक तपशिलाने केले असेल तर त्याचा फायदा लहान चित्रातही दिसतो, विशेषतः करड्या रंगाच्या बारीक छटांमध्ये आणि फिल्मच्या कणांमध्ये. या चित्रपटात तो फार महत्त्वाचा ठरतो, कारण छायाचित्रकार वॉल्टर लॅसली यांनी स्टुडिओतले सेट टाळून खऱ्या जागांवर चित्रण केले आणि प्रसंग पाहून वेगवेगळ्या जातीच्या फिल्म वापरल्या. खोलीच्या आतले प्रसंग अतिशय वेगवान, म्हणजे कमी उजेडातही चित्र टिपणाऱ्या आणि म्हणून अधिक रवाळ फिल्मवर घेतलेले आहेत, बाहेरचे तुलनेने मऊ आहेत. वाईट प्रतीत हा फरक मरतो आणि सगळेच धुरकट दिसू लागते. या डिस्कवर जोच्या माळ्यावरच्या खोलीतला रवाळपणा आणि कालव्यावरच्या आभाळाचा सपाट उजेड हे दोन वेगळे पोत म्हणून डोळ्यांना जाणवतात.

परीक्षेचा प्रसंग म्हणून शेवटचे दृश्य पाहावे. नोव्हेंबरमधली शेकोट्यांची रात्र आहे, गल्लीतली पोरे जाळ करून भोवती नाचत आहेत, आणि जोच्या हातात एक पेटती फुलबाजी येते. काळोख, त्यात फुलबाजीच्या ठिणग्या आणि त्या उजेडात येणारा-जाणारा, जो साकारणाऱ्या रिटा टशिंगहॅमचा चेहरा, एवढेच त्या चौकटीत आहे. रिस्टोर करणाऱ्याने कण पुसून चित्र गुळगुळीत केले असते तर चेहरा मेणाचा झाला असता, आणि काळे अतिगडद केले असते तर मागची गल्ली नाहीशी झाली असती. येथे दोन्ही टळले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ज्यांनी फिल्मच्या प्रती पडद्यावर पाहिल्या आहेत त्यांना ही जिवंत, किंचित हलणारी रवाळ त्वचा ओळखीची वाटेल.

‘केस’ची प्रत त्यापूर्वी पाच वर्षांची आहे आणि तिचे काम साध्या हाय-डेफिनिशन पद्धतीने झालेले आहे, त्यामुळे आकड्यांच्या हिशेबात ती मागे पडते. पण तिच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: हे काम दिग्दर्शक लोच आणि छायाचित्रकार ख्रिस मेंजिस या दोघांच्या देखरेखीखाली आणि संमतीने झाले. रिचर्डसन १९९१ मध्ये वारले होते, त्यामुळे ‘अ टेस्ट ऑफ हनी’च्या नशिबी दिग्दर्शकाची नजर येणे शक्यच नव्हते. ‘केस’च्या बाबतीत ही नजर रंगांसाठी आवश्यक होती. मेंजिस यांनी शक्य तितका उपलब्ध उजेड वापरला, कॅमेरा माणसांपासून दूर ठेवला आणि लांबच्या भिंगातून त्यांना टिपले, म्हणजे पोरांना कॅमेऱ्याचा विसर पडावा. त्यामुळे या चित्रपटाचे रंग मुळातच दबलेले आहेत: विटांचा मळका तपकिरी, शाळेच्या भिंतींचा फिका हिरवट, कुरणाचा ओला हिरवा. आजच्या एखाद्या तंत्रज्ञाला ते ‘सुधारण्याचा’ मोह सहज झाला असता. या डिस्कवर कुरण उगाच हिरवेगार झालेले नाही आणि बिलीचे गाल गुलाबी झालेले नाहीत. ससाणा आभाळातून खाली झेपावतो तेव्हा पार्श्वभूमीच्या झुडपांत तो क्षणभर हरवतो, पण तो लांबच्या भिंगाचा स्वभाव आहे, प्रतीचा दोष नव्हे.

दोन्ही चित्रपटांची चौकट १.६६ : १ या प्रमाणाची आहे, त्यामुळे आजच्या रुंद टीव्हीवर डाव्या-उजव्या बाजूला काळ्या बारीक पट्ट्या राहतात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणून त्या घालवू नयेत. टीव्हीतली ‘मोशन स्मूदिंग’सारखी, हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोयही आधी बंद करावी, कारण ती दोन्ही चित्रपटांना मालिकांचे रूप देते.

आवाजाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. दोन्ही डिस्कवर ब्लू-रेमध्ये मूळ एकमार्गी (मोनो) आवाज संकुचित न करता दिलेला आहे, दोन्हींना इंग्रजी सबटायटल्स आहेत. ‘अ टेस्ट ऑफ हनी’तील बोली लँकेशरची असली तरी ती रंगभूमीवर घासून आलेली आहे. शीला डिलेनी यांनी हे नाटक लिहिले तेव्हा त्या विशीच्या आतल्या होत्या, आणि ते प्रथम मे १९५८ मध्ये जोन लिटलवुड यांच्या थिएटर वर्कशॉपने पूर्व लंडनमधल्या स्ट्रॅटफर्डच्या रंगमंचावर आणले. संवाद टोकदार आहेत, एका वाक्याला दुसरे वाक्य ठिणगीसारखे लागते, आणि आई हेलनच्या भूमिकेतील डोरा ब्रायन प्रत्येक टोमणा नेमका पोहोचवतात. इंग्रजी चित्रपट पाहण्याची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकाला दहाएक मिनिटांत हे बोलणे समजू लागते. त्याच्या मागे जॉन अॅडिसन यांचे संगीत आणि मुलांच्या तोंडचे ‘द बिग शिप सेल्स’ हे खेळगाणे वारंवार येत राहते, आणि ते गाणे या प्रतीत स्वच्छ ऐकू येते.

‘केस’चे तसे नाही. त्यातली बहुतेक मुले त्याच परिसरातल्या शाळेतली आहेत, बिली झालेला डेव्हिड ब्रॅडली त्यांच्यातलाच एक, आणि ती आपल्या घरी बोलतात तशीच बोलतात. ती बोली दक्षिण इंग्लंडमधल्या प्रेक्षकांनाही जड गेली. परदेशातल्या वितरणासाठी संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करून एक निराळा ध्वनिपट्टा तयार करण्यात आला. क्रायटेरियनने मूळ पट्टा मुख्य ठेवला आहे आणि तो आंतरराष्ट्रीय पट्टाही पर्याय म्हणून दिला आहे. माझ्या दृष्टीने या डिस्कचे सर्वात मोठे ऐश्वर्य हेच आहे, कारण एकाच प्रसंगाची दोन रूपे लागोपाठ ऐकून बोली काढून घेतली की माणसातले काय निघून जाते, ते येथे प्रत्यक्ष कानांनी तपासता येते.

त्यासाठी वर्गातला प्रसंग निवडावा. कॉलिन वेलंड यांनी साकारलेले फार्दिंग सर वर्गाला विचारतात की ज्याला काही खरी घडलेली गोष्ट सांगता येईल त्याने सांगावी. मागे दबून बसलेल्या बिलीला पुढे ओढले जाते, आणि तो आपल्या ससाण्याविषयी बोलू लागतो. पायात बांधायच्या चामड्याच्या वाद्या, त्यांना जोडायची कडी, मग दोर, हे सगळे तो हातवारे करून दाखवतो आणि ‘जेसेस’ हा वाद्यांचा शब्द फळ्यावर लिहितो. आधी तो पुटपुटतो, मग वाक्ये एकमेकांत अडकू लागतात, मग त्याचा श्वास अपुरा पडतो, कारण सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि आजवर कोणी विचारलेलेच नाही. मूळ पट्ट्यावर मागच्या बाकांची खसखस, पायांचा आवाज आणि खडूची करकर या बोलण्यातच मिसळलेली आहे. संवाद पुन्हा मुद्रित केले की शब्द स्पष्ट होतात आणि खोली मात्र गप्प होते.

मराठी वाचकाला या बोलीत आणखी एक गोष्ट सापडेल. शाळेत इंग्रजी शिकताना ‘दाऊ’ आणि ‘दी’ हे शब्द आपल्याला जुन्या कवितेतले किंवा बायबलमधले म्हणून भेटलेले असतात. बार्न्सलीची पोरे १९६८ मध्ये एकमेकांना ‘दा’ आणि ‘दी’ असेच म्हणत होती, म्हणजे त्या इंग्रजीत आपल्यासारखा ‘तू’ जिवंत होता. भाऊ भावाला, मित्र मित्राला ‘तू’ म्हणतो, सरांशी बोलताना तो नाहीसा होतो. प्रमाण इंग्रजीत पुसून गेलेला हा भेद आपल्या कानाला सहज कळतो, आणि म्हणून मला वाटते की मराठी माणसाला मूळ ‘केस’ ऐकण्याचा आनंद एखाद्या लंडनकराइतका, कदाचित काकणभर अधिकही मिळू शकतो. पहिल्यांदा सबटायटल्स लावून मूळ पट्टा ऐकावा आणि दुसऱ्यांदा सबटायटल्स बंद करून पाहावे.

पूरक सामग्रीत दोन्ही डिस्क उदार आहेत, पण वेगळ्या अर्थाने. ‘अ टेस्ट ऑफ हनी’वर टशिंगहॅम आणि जेफ्री साकारणारे मरी मेल्व्हिन यांच्या मुलाखती आहेत, १९६२ सालची रिचर्डसन यांची ध्वनिमुद्रित मुलाखत आहे, लॅसली १९९८ मध्ये आपल्या कामाविषयी बोलले ते आहे, डिलेनी यांच्या १९६० सालच्या दूरचित्रवाणी मुलाखतीचा अंश आहे, आणि नाटकाच्या रंगमंचावरच्या सुरुवातीवर एक स्वतंत्र भाग आहे. शिवाय रिचर्डसन आणि कॅरल राइस यांनी १९५६ मध्ये केलेला ‘मॉमा डोंट अलाउ’ हा सुमारे वीस मिनिटांचा लघुपट आहे, ज्यात उत्तर लंडनमधल्या एका जॅझ क्लबातली शनिवारची संध्याकाळ टिपलेली आहे. त्याचेही छायाचित्रण लॅसली यांचेच असल्यामुळे हा कॅमेरा खऱ्या माणसांत मिसळायला कुठे शिकला ते त्यात दिसते.

‘केस’वर लोच, मेंजिस, निर्माते टोनी गार्नेट आणि ब्रॅडली यांच्या सहभागाने बनवलेला माहितीपट आहे आणि लोच यांच्यावरचा ‘साउथ बँक शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचा १९९३ सालचा भाग आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘कॅथी कम होम’ हा बीबीसीसाठी त्यांनी केलेला सव्वा तासाचा संपूर्ण दूरचित्रवाणीपट या डिस्कवर आहे. तो १६ नोव्हेंबर १९६६ रोजी प्रसारित झाला, सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिला, आणि घर गमावत गमावत शेवटी मुलांनाही गमावणाऱ्या त्या कुटुंबाने बेघरपणाचा प्रश्न ब्रिटनच्या दिवाणखान्यात आणून ठेवला. म्हणजे एका डिस्कच्या खर्चात दोन महत्त्वाच्या कृती मिळतात. ज्याला एकदाच खर्च करायचा आहे त्याच्यासाठी हा मुद्दा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

तरीही काही जणांना मी ‘अ टेस्ट ऑफ हनी’च आधी घ्यायला सांगेन. नाटकाच्या अंगाने चित्रपटाकडे येणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना आणि विशेषतः आई-मुलीच्या नात्यावर काही पाहू इच्छिणाऱ्यांना त्यातून अधिक मिळेल. ज्यांना प्राण्याला झालेली इजा किंवा मुलांना होणारी मारहाण पडद्यावर सोसत नाही त्यांनीही ‘केस’ जपून निवडावा. त्यातल्या मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या प्रसंगात मुलांच्या हातावर बसलेल्या छड्या खऱ्या होत्या; निरोप घेऊन आलेल्या आणि काही अपराध नसताना मार खाणाऱ्या लहानग्याच्या डोळ्यांतले पाणीही खरे आहे. शाळेची क्रूरता दाखवण्यासाठी शाळेचीच रीत वापरणे मला पटत नाही. चित्रपटावर माझे कितीही प्रेम असले तरी त्या दृश्यापाशी मी दर वेळी अस्वस्थ होतो. मुलांबरोबर पाहणार असाल तर हे आधी सांगून ठेवावे.

बाकी सर्वांनी ‘केस’पासून सुरुवात करावी. फुटबॉलच्या तासाला ब्रायन ग्लोव्हर यांचे सग्डन सर लाल जर्सी घालून स्वतःला प्रसिद्ध फुटबॉलपटू बॉबी चार्ल्टन समजत मैदानभर धावतात, पोरांना ढकलतात आणि स्वतःच पंच होऊन स्वतःलाच पेनल्टी देतात. तो प्रसंग पाहताना घरातले सगळे हसतात, आणि त्यानंतर थंड पाण्याच्या शॉवरखाली बिलीला कोंडले जाते तेव्हा तेच सगळे गप्प होतात. ग्लोव्हर स्वतः बार्न्सलीत शिक्षक होते आणि कुस्तीही खेळत. ही माहिती मिळाल्यावर तो प्रसंग मी पुन्हा पाहिला, आणि त्यांचे ओरडणे, शिट्टी फुंकणे, पोरांना नावाने हाका मारणे यांतला अस्सलपणा मूळ पट्ट्यावर अधिकच जाणवला.

डिस्क लावल्यावर मात्र घाई करू नये. आधी मेनूत जाऊन ध्वनीच्या पर्यायांत मूळ पट्टा निवडलेला आहे ना ते पाहावे, इंग्रजी सबटायटल्स सुरू करावीत आणि मग चित्रपट लावावा.